कुजबुजीचा कंदील

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला आम्ही सगळे कुजबुजी म्हणतो. कागदोपत्री तिला एक छान नाव आहे, पण ते हॉलतिकिटापलीकडे कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. आणि हे नाव मी ठेवलेलं नाही हो, उगाच माझ्यावर आळ नको. ते तिच्या तिसरीच्या बाईंनी ठेवलं.

त्याचं असं की, वर्गात कुणी फळ्यापाशी उभं राहून अडलं की ही इकडे बाकावर तळमळायची. त्या पोरापेक्षा हिलाच जास्त घाम फुटायचा. शेवटी न राहवून उत्तर कुजबुजायची. बाईंनी तिला पुढच्या बाकावर आणून बसवलं, तर ही बोटं दाखवायला लागली. हाताची घडी घालायला लावली, तर भुवया उडवून सात की आठ ते सांगायची. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, ‘मुलगी हुशार आहे, पण वर्गातल्या इतरांच्या वाटणीचीही तीच हुशार असते.’ ताईने ते वाचून कपाळाला हात लावला. मी इतकी हसले की ताईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. ते दोन दिवस मला फार जड गेले, कारण मी टेलिफोन ऑफिसात कामाला होते. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि घरी आल्यावर स्वतःचं बोलायचं, हा माझा नेम होता.

तर ही कुजबुजी मोठी झाली आणि गणिताची मास्तरीण झाली. दुसरं होणार काय! पण वर्गात पोरं पन्नास आणि कुजबुजायला तोंड एक. अपूर्णांकांचा धडा आला की निम्मा वर्ग अडायचा. ही एकापाशी वाकून बसली की मागचे चारजण छताकडे बघत बसायचे. नऊ वर्षं तिने असं वाकून वाकून काढली, मग एक दिवस कायमची नोकरी सोडली आणि विद्यापीठात नाव घातलं. विषय काय, तर कॉम्प्युटरवरचे खेळ आणि शिकणं.

ताई म्हणाली, “पोरं खेळतात म्हणून लोक डोकं धरून बसतात, आणि तू त्यांना खेळायला लावून वर पदवी मिळवणार?”

“आई, खेळतात हे तर दिसतंच. खेळून काही शिकतात का, ते कुणी नीट मोजायला नको का?”

“मोज बाई, मोज. छत्तिशी मोजून होत आलीच आहे तुझी.”

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. हा माणूस दिवसाला पाच वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन लिफ्टबद्दल असतात. ते म्हणाले, “बरं.” झाली परवानगी.

तिने खेळ बनवला त्याचं नाव ‘फरशी’. चित्रात एक गवंडीणबाई. तिच्यापुढे चाळीस खोल्या, आणि प्रत्येक खोलीत जमिनीचा थोडा भाग उघडा. खाली खोक्यांत फरशीचे तुकडे, कुठला अर्धा, कुठला पाव, कुठला तिसरा भाग, कुठला आठवा. उघडी जागा पाऊण असेल तर अर्धा आणि पाव बसवायचा, म्हणजे खोली पुरी झाली. फट राहिली तर खालून पाणी येतं आणि गवंडीणबाईच्या चपला भिजतात. पोरांना त्या भिजलेल्या चपला भारी आवडायच्या.

आणि वरच्या कोपऱ्यात एक कंदील. अडलं की कंदील दाबायचा. एकदा दाबला की योग्य खोकं उजळतं आणि एक बाई हळू आवाजात विचारते, “पाव भाग इथे किती वेळा बसेल?” दुसऱ्यांदा दाबला की नेमका तुकडा उजळतो. तिसऱ्यांदा दाबला की तुकडा आपला आपण उडी मारून जागेवर बसतो. तो हळू आवाज तिचाच होता. मी म्हटलं, “अगं, हा कंदील कुठला! ही तूच बसली आहेस कोपऱ्यात.” ती लाजली. पन्नास पोरं आणि पन्नास कुजबुजी, हेच तर तिला हवं होतं.

पहिली चाचणी माझ्यावर झाली. माझा टॅब जुना, वरच्या कोपऱ्यात त्याला तडा गेलेला. तो का गेला ते विचारू नका, त्यात माझा आणि पायरीचा दोघांचा दोष आहे. त्या तड्यामुळे मी बोट न लावताच कंदील आपोआप धडाधड लागायचा. कुजबुजीने ते बघितलं आणि वहीत नियम लिहिला, की कंदिलावर दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ आलेले स्पर्श चुकून लागलेले समजावेत आणि हिशेबातून गाळावेत. या संशोधनवाल्या लोकांची एक पद्धत असते. काय मोजणार, कसं मोजणार, काय गाळणार, हे सगळं आधीच लिहून सही करून द्यायचं. म्हणजे नंतर मनासारखं उत्तर येण्यासाठी कुणी मापं बदलायला नको. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, “बघूया.” ते कशालाही बघूयाच म्हणतात. आम्ही घरात त्यांना बघूया सरच म्हणतो.

मग दोन शाळा, चार वर्ग. दोन वर्गांनी आठ आठवडे फरशी खेळायची, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. दुसऱ्या दोन वर्गांनी तीच गणितं कागदावर सोडवायची. आधी एक परीक्षा, शेवटी एक परीक्षा, वीस मार्कांची. कुजबुजी त्या आठ आठवड्यांत तीन किलो उतरली, पण तिचा चेहरा असा फुललेला की काय सांगू! खेळणारी पोरं खोल्यांमागून खोल्या पुऱ्या करत होती. घंटा झाली तरी टॅब सोडायची नाहीत.

मग निकाल लागला. खेळणाऱ्या चौसष्ट पोरांची सरासरी अकरा. कागदवाल्यांची साडेअकरा.

सहा वर्षं! सहा वर्षं मान मोडून काम करायचं आणि उत्तर काय, तर त्यापेक्षा एक पेन्सिल दिली असती तरी चाललं असतं.

तिला दहा दिवसांनी विद्यापीठात समितीपुढे उभं राहायचं होतं. समिती म्हणजे तीन माणसं, त्यांत एक संख्याशास्त्राच्या बाई. विद्यार्थी त्यांना चाळणी म्हणतात, कारण त्यांच्यासमोर काही टिकून राहत नाही, सगळं खाली गळतं. कुजबुजीने ठरवलं की समितीपुढे जायचंच नाही. नाव काढून घ्यायचं. तिने तसा अर्ज लिहिला आणि माझ्याकडे आणून दिला.

“मावशी, शुद्धलेखन तपासून दे. उद्या द्यायचाय.”

“दे की,” मी म्हटलं, “तीस वर्षं सरकारी कागद बघितलेत मी.”

एका पानाचा अर्ज. मी तो सहा दिवस तपासला. पहिल्या दिवशी वेलांट्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन करून ‘विनंती’ आणि ‘नम्र विनंती’ यांवर अर्धा तास बोलले. तिला कळत नव्हतं असं नाही. पण तीही रोज म्हणायची, “बरं, उद्या दे.” जिला खरंच नाव काढून घ्यायचं असतं ती दुसरा कागद छापून घेते की नाही? मीही काही बोलले नाही. मी बोलले नाही, हे लक्षात ठेवा, कारण असं वारंवार होत नाही.

सातव्या दिवशी दुपारी ती स्वतःच दारात. डोळे सुजलेले, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. मी नव्या टॅबवर फरशी खेळत बसले होते. माझ्या वाढदिवसाला तिनेच दिलेला तो, तडा नसलेला.

“अर्ज कुठाय?”

“थांब गं, एकोणचाळिसावी खोली चाललीये माझी.”

ती थबकली. “कितवी?”

“एकोणचाळिसावी. ही बघ झाली. आता चाळिसावी. चपला एकदाही भिजल्या नाहीत गवंडीणबाईंच्या.” मी जरा मान ताठ केली. “तुझ्या आईला सांग, बहीण गणितात निघाली म्हणावं.”

“मावशी, पाच अष्टमांश म्हणजे पाऊणपेक्षा मोठा की लहान?”

“मला काय ठाऊक!”

“मग तेविसावी खोली कशी केलीस? तिथे पाच अष्टमांशच आहे.”

“अगं, त्यात काय? कंदील आहे ना. टक, टक, टक. बसला तुकडा.” मी तिला करून दाखवलं. एका दमात तीन टिचक्या. तुकडा उडी मारून जागेवर बसला. तो हळू आवाज ‘पाव भाग...’ इतकंच म्हणाला आणि मध्येच तुटला. “तुझं ते बोलणं ऐकत बसायला लागत नाही मग. गोड आहे आवाज, पण फार लांबण लावतेस.”

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. माझ्या बोटाकडे इतक्या प्रेमाने आजवर कुणी बघितलं नव्हतं.

“परत कर.”

टक, टक, टक.

“दोन सेकंदांच्या आत,” ती म्हणाली, आणि पिशवीतून लॅपटॉप ओढायला लागली. “मी गाळले. मावशी, हे सगळे मी गाळले!”

मग तिने जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. माझी बिस्किटं बाजूला सारली, चहाचा कप खिडकीत ठेवला. मला त्या आकड्यांतलं काही कळत नाही, पण ती स्वतःशी बोलत होती आणि ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. कंदिलावर एकूण स्पर्श झाले होते साठ हजारांच्या वर. त्यांतले अठ्ठेचाळीस हजार तिच्या नियमाने चुकून लागलेले म्हणून फेकले होते. यादीच्या अगदी तळाला करड्या अक्षरांत तो आकडा दर वेळी यायचा, आणि तळाशी जाऊन तो वाचायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. पोरांची बोटं चुकून लागतच नव्हती. पोरांनी पहिल्याच आठवड्यात मेख शोधून काढली होती, आणि आठ आठवडे चौसष्टातली बहुतेक पोरं माझ्यासारखी टकटक करत खोल्या पुऱ्या करत होती. अपूर्णांक त्यांना आले नाहीत, कंदील मात्र पक्का आला.

“म्हणजे माझ्या टॅबच्या तड्याने घात केला म्हण की,” मी म्हटलं.

“हो. आणि तुझ्याच बोटाने उघडकीला आणला. थांब, बोलू नकोस.”

मी तोंडात बिस्किट धरलं, म्हणजे बोलता येणार नाही.

तिने पोरांचे दोन ढीग केले. एकोणीस पोरं अशी निघाली की त्यांनी टकटक जवळजवळ केलीच नव्हती. कंदील एकदा दाबायचा, प्रश्न ऐकायचा, मग डोकं खाजवायचं. त्या एकोणीसजणांना शेवटच्या परीक्षेत सरासरी पंधरा होते. उरलेल्या पंचेचाळीसांना नऊच्या आसपास. आणि पहिल्या परीक्षेत दोन्ही ढिगांना आठच!

मी बिस्किट गिळलं. “अगं, मग झालं की! परवा समितीला हेच सांग. जुना नियम गेला केराच्या टोपलीत. कोण बघायला येतंय?”

“नाही मावशी. आधी सही केलेलं माप आहे ते. फरशी घातल्यावर खोलीचं माप बदलायचं, हे कसं चालेल? आणि ती एकोणीस मुलं मुळातच धीराची असतील, म्हणून शिकली असतील. त्यात माझ्या खेळाची करामत काय? हा निकाल नाही. हा...” ती शब्द शोधत होती. मग एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. “मीच गं. मीच ती तिसरीतली. पोर अडलं की मला बघवत नाही, म्हणून तिसऱ्यांदा दाबलं की उत्तर देऊन टाकणारा कंदील केला मी. त्यांना अडूच दिलं नाही!”

मी चहा गरम केला.

त्या संध्याकाळी ताईकडे जेवायला गेलो. कुजबुजी सांगत होती, ताई मध्ये मध्ये ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणत होती. तिने काहीच म्हटलं नव्हतं. प्रश्न असा होता की आता कंदिलाचं करायचं काय. काढून टाकावा तर अडलेली पोरं रडकुंडीला येणार. ठेवावा तर टकटक.

मेहुणे पोळीचा घास मोडत होते. त्यांची त्या दिवसाची वाक्यं बहुधा शिल्लक होती.

“लिफ्टचं बटण लोक दहादा दाबतात,” ते म्हणाले.

ताई आमटीचा डाव घेऊन तशीच त्यांच्याकडे वळली.

“लिफ्ट एकदाच येते. तिच्या वेळेला.” आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

कुजबुजीचा घास हातातच राहिला. “मावशी, कागद दे, कागद!” माझ्या पर्समध्ये कागद एकच होता, तिचा तो अर्ज, लाल पेनाने तपासलेला. तिने तो पालथा केला आणि पाठीमागे नव्या कंदिलाचं चित्र काढायला घेतलं. कितीही दाबला तरी कंदील एकदाच लागणार, तोही पोराने आधी एक तरी तुकडा स्वतः लावून बघितला असेल तरच. आणि उडी मारणारा तुकडा कायमचा बंद. ताई म्हणाली, “अर्जावर आमटीचा डाग पडेल.” मी म्हटलं, “पडू दे. शुद्धलेखन झालंय त्याचं.”

समितीची बैठक खुली असते, कुणीही जाऊन मागे बसू शकतं. मी गेले. लांबट खोली, मोडक्या पडद्याच्या खिडक्या, खुर्च्यांना लिहायची फळी लावलेली. बघूया सर पहिल्या रांगेत नखं बघत होते. चाळणीबाई अगदी बारकुड्या निघाल्या, माझ्या खांद्याला लागतील इतक्या. मला वाटलं होतं की दारातून आडव्या येतील.

कुजबुजीने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं, “माझा निकाल असा आहे, की खेळाने फरक पडला नाही. आणि माझा एक नियम चुकीचा होता.” मग तिने ते अठ्ठेचाळीस हजार पडद्यावर आणले.

चाळणीबाईंनी पेन खाली ठेवलं. “हा नियम लिहिला कुणी?”

“मी.”

“कशाच्या आधारावर?”

“माझ्या मावशीच्या टॅबला तडा होता.”

खोलीत हशा पिकला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, जणू मावशी दुसरीच कुणी.

“एका टॅबवरून चौसष्ट मुलांचा नियम?” चाळणीबाई हसल्या नव्हत्या.

“हो मॅडम. तेच चुकलं.”

“मग आता ही एकोणीस मुलं दाखवून तुम्ही खेळ जिंकला म्हणणार?”

“नाही. ती मुलं म्हणजे उत्तर नाही, नवा प्रश्न आहे. मला परत करून बघायचंय. सगळं आधी लिहून, या वेळी तीन गटांवर. जुना कंदील, नवा कंदील आणि कागद.”

“कंदीलच काढून टाका. सोपं होईल.”

मला वाटलं आता ही गप्प बसेल. तिसरीतली कुजबुजी बाईंना उलट बोललीच नसती. पण ही म्हणाली, “काढणार नाही, मॅडम. अडलेल्या मुलाला काहीतरी मिळालंच पाहिजे. फक्त जरा उशिरा.”

“किती उशिरा?”

“तेच मोजायचंय.”

चाळणीबाईंनी बघूया सरांकडे बघितलं. सर तोंड उघडणार इतक्यात त्या म्हणाल्या, “बघूया म्हणू नका.” मग तिघांनी आम्हाला बाहेर बसवलं. बाहेरच्या बाकावर कुजबुजीने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. वीस मिनिटांनी दार उघडलं. दोन सत्रं वाढवून मिळाली होती. “एक दिवसही जास्त नाही,” चाळणीबाई जाता जाता म्हणाल्या, आणि माझ्यापाशी थांबल्या. “तडा तुमच्या टॅबला का?”

“पायरीचा दोष आहे,” मी म्हटलं.

आता नवं सत्र सुरू झालंय. निरीक्षणाला माणसं कमी पडतात म्हणून मला घेतलंय, माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे. काम सोपं आणि भयंकर. पोर अडलं की घड्याळ लावायचं आणि गप्प बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मला हे काम देणारी माझी भाची किती सूड उगवणारी आहे, हे यावरून कळावं.

परवा नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या समोर होती, पुढचे दोन दात पडलेली. सतराव्या खोलीत अडली. उघडी जागा तीन अष्टमांश. तिने तिसऱ्या भागाचा तुकडा बसवला. बसला असं वाटतं, पण कडेला बारीकशी फट राहते. पाणी आलं, चपला भिजल्या. ती हसली. परत तोच तुकडा, परत पाणी. मग तिने कंदील दाबला. टक टक टक टक टक. कंदील एकदाच लागला आणि हळू आवाजाने विचारलं, “फट उरली का? मग आणखी लहान तुकड्यांनी मोजून बघशील?” बस. उडी नाही, काही नाही.

“ताई, कंदील बिघडलाय,” पोरगी कुजबुजीला म्हणाली.

कुजबुजी बाजूच्या खुर्चीत बसली होती. “हो का?” म्हणाली, आणि तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सरकवले. त्या हातांवर ती अक्षरशः बसली.

पोरीने गाल फुगवले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दगड. मग तिने आठव्या भागाचे तुकडे एकावर एक रचले आणि पाडले. पाव तुकडा उचलला, ठेवला, उचलला. त्याच्या शेजारी आठवा भाग नुसता धरून बघितला. “थांब थांब थांब,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली, देव जाणे. तुकड्याला असेल. तिने तो सोडला. फट गेली. गवंडीणबाईंनी कोरड्या चपलांनी चालून दाखवलं, आणि ही पोरगी खुर्चीत उभी राहून ओरडली, “पाव आणि आठवा! पाव आणि आठवा!”

ती अठराव्या खोलीत गेलीसुद्धा. कुजबुजीने हात बाहेर काढले, पांढरे पडले होते ते. माझ्याकडे वाकून म्हणाली, “मावशी, किती?”

“एक मिनिट चाळीस सेकंद.”

“मी काही बोलले का?”

“ओठ हलत होते,” मी म्हटलं. “पण आवाज नव्हता.”